चिठ्ठीवर ‘सीपीके’ एवढं लिहा : महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले बालरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर, आणि अंगणवाड्या-शाळांतून मुलं तपासणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं

सप्रेम नमस्कार.

मी लॅब टेक्निशियन आहे. डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा केल्यापासून दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तुमची चिठ्ठी येते, तिच्यावर जे लिहिलेलं असेल ते आम्ही करतो. जे लिहिलेलं नाही ते करायचा आम्हाला अधिकार नाही, आणि तो असावा असं माझं म्हणणंही नाही. तरी हे पत्र एका न लिहिल्या जाणाऱ्या तपासणीबद्दल आहे. आगाऊपणा वाटला तर वाटू दे, पण शेवटपर्यंत वाचा.

तपासणी म्हणजे सीपीके. नवी पुस्तकं नुसतं सीके म्हणतात. हे एन्झाइम स्नायूंच्या पेशींत असतं आणि पेशी फुटली की रक्तात येतं. आमच्याकडे त्याचं किट कायम असतं. ते खर्ची पडतं छातीत दुखतंय म्हणून आणलेल्या आजोबांवर, नाहीतर कोलेस्टेरॉलच्या गोळीने पिंढऱ्या दुखतात म्हणणाऱ्या काकूंवर. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या चिठ्ठीवर सीपीके मी फार क्वचित पाहिलंय. त्याच चिठ्ठीवर हिमोग्राम असतो, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, थायरॉइड असतं, आणि हल्ली लिव्हर फंक्शन टेस्टही सर्रास असते. वर कारण लिहिलेलं असतं, ‘वारंवार पडतो’.

वारंवार पडणारा मुलगा आणि सीपीके नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार तुम्ही सगळ्यांनी एमबीबीएसला वाचलाय. पोटऱ्या जाड, गुडघ्यांवर हात ठेवून उठणं, मुलग्यांचा आजार, आईकडून येणारा. परीक्षेत हमखास विचारला जातो असं आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सांगतात. आजार नवाही नाही. फ्रान्समधल्या ड्यूशेन यांनी 1868 मध्ये तो सविस्तर लिहून ठेवला. जमिनीवरून उठण्याची ती खास पद्धत लंडनच्या विल्यम गाउअर्स यांनी 1879 मध्ये वर्णिली. 1986 साली एक्स गुणसूत्रावरचं जनुक हाती लागलं आणि पुढच्या वर्षी त्यातून तयार होणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन. 79 एक्झॉनचं, म्हणजे 79 तुकड्यांचं, हे जनुक माणसाच्या सगळ्यात लांब जनुकांपैकी एक. इतकं सगळं ठाऊक असताना पोरगं मात्र कॅल्शियमच्या सिरपवर असतं.

उशीर आपल्याकडेच होतो असंही नाही. अमेरिकेत 156 मुलग्यांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. तिथे घरच्यांना पहिली शंका आली तेव्हा मुलाचं सरासरी वय अडीच वर्षं होतं आणि पक्कं निदान झालं तेव्हा पाच वर्षांच्या जवळ. मधला काळ कशात गेला तेही त्यात आहे. सीपीके झाल्यावर पक्क्या निदानाला थोडेच महिने लागले. घरच्यांनी डॉक्टरांपर्यंत जाण्यात साधारण वर्ष गेलं, आणि तिथून पुढचा जवळजवळ सगळा वेळ गेला सीपीके लिहिलं जाण्याची वाट बघण्यात. जनुकीय चाचण्या, सुपर स्पेशालिटी, महागडी यंत्रं यांच्या अभावी हा उशीर होत नाही. तो पहिल्या चिठ्ठीपाशीच होतो. म्हणून हे पत्र मोठ्या शहरांतल्या न्यूरोलॉजिस्टना लिहिलेलं नाही. त्यांच्यापर्यंत पोर पोचलं की निदान होतंच.

आमच्या भागात या आजाराला आणखी एक आडकाठी आहे. इकडे गल्लीगल्लीत तालमी. जाड पोटऱ्यांचं पोर दिसलं की म्हातारी माणसं पाठ थोपटतात, पैलवान होणार म्हणतात. आईला काळजी वाटायच्या ऐवजी अभिमान वाटतो. त्या पोटऱ्यांत स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरत चाललेत हे तिला कुणी सांगावं? शाळेत गेल्यावर चित्र पालटतं. पैलवान पळताना सगळ्यांच्या मागे, जिना चढताना कठड्याला लोंबकळतो, टाचा न टेकता चवड्यांवर चालतो. मग तो ‘आळशी’ ठरतो आणि पीटीचे सर उठाबशा काढायला लावतात. डिस्ट्रोफिन नसलेली स्नायूची पेशी प्रत्येक हालचालीला थोडी थोडी फाटते, आणि जिना उतरण्यासारख्या, उठाबशांसारख्या कामात सगळ्यात जास्त. म्हणजे शिक्षा नेमकी तीच, जी या पोराला कधी करायला लावू नये. ‘त्याला रोज पळवा, अंगात ताकद येईल’ हा सल्ला दवाखान्यातूनही मिळालेला मी ऐकलाय.

काही मुलं बोलायलाही उशीर करतात. डिस्ट्रोफिन मेंदूतही लागतं. चालायला उशीर, बोलायला उशीर, वरून मुलगा. ‘मुलगे उशिराच करतात सगळं’ हे वाक्य तयारच असतं. 18 महिने झाले तरी न चालणाऱ्या मुलग्याचं सीपीके करावं, असं बालरोगशास्त्रात सांगितलेलं आहे. ते तुमच्या टेबलापर्यंत का येत नाही, ते तुम्हीच सांगू शकाल.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे सोपी आहे, इंग्लंड-अमेरिकेतल्या आईला ती मिळत नाही. आपली मुलं अजून जमिनीवर जेवतात, जमिनीवर अभ्यासाला बसतात, सतरंजीवर झोपतात. जमिनीवरून उठणं दिवसातून कितीतरी वेळा आईच्या डोळ्यांसमोर होतं. पोर आधी पालथं होतं, हात टेकतं, ढुंगण वर करतं, मग गुडघ्यावर हात, मांडीवर हात, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभं राहतं. आई सांगते, ‘जेवून उठताना म्हाताऱ्यागत उठतोय.’ तुमच्या तपासणीच्या खोलीत मात्र पोर आईच्या मांडीवर असतं, नाहीतर टेबलावर, नाहीतर वजनकाट्यावर. जमिनीवर ते येतच नाही. त्याला फरशीवर बसवून ‘ऊठ बाळा’ म्हणायला अर्धं मिनिट पुरतं. बाहेर पन्नास पेशंट ताटकळलेत हे मला माहीत आहे, तुमचेच पेशंट पुढे आमच्या बाकावर येऊन बसतात. तेवढाही वेळ नसेल तर आईला म्हणा, मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखव. आता मोबाइल कुणाकडे नाही?

आता लिव्हरकडे येते. माझ्या धंद्यातून मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम लिव्हरची म्हणून आपण ओळखतो, पण ती स्नायूंतही असतात. डीएमडीच्या पोराला ताप आला, कुणी सहज लिव्हर फंक्शन लिहिलं, की एसजीपीटी अडीचशे-तीनशे येतं. बिलिरुबिन नॉर्मल, अल्ब्युमिन नॉर्मल, गॅमा जीटी हे स्नायूंत नसणारं लिव्हरचं एन्झाइम केलं तर तेही नॉर्मल. रिपोर्टवर दोन आकडे लाल आणि बाकी सगळं शांत. इथे एक रस्ता स्नायूंकडे जातो. पण बहुतेक वेळा पोर दुसऱ्या रस्त्याला लागतं. कावीळ बी, कावीळ सी, सोनोग्राफी, लिव्हरचं टॉनिक, तेलकट बंद, एक महिन्याने पुन्हा एसजीपीटी. आकडा उतरत नाही. मग तांब्याच्या आजाराची तपासणी, मग ऑटोइम्यून पॅनेल, मग बायॉप्सीची, म्हणजे लिव्हरचा तुकडा काढून तपासायची, गोष्ट निघते. एकेक तपासणी हजारांतली. आणि काहीशे रुपयांची, उपाशी पोटाची अटही नसलेली सीपीके मात्र कुणाच्या यादीत नाही. लहान मुलाचं एसजीपीटी वाढलेलं आणि गॅमा जीटी नॉर्मल असेल, तर लिव्हर सोडून आधी स्नायू बघावा, ही गोष्ट कुठल्याही दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवण्याजोगी आहे.

व्हिटॅमिन डीचंही असंच. ते तर निम्म्या गावाचं कमी निघेल. कमी निघालं की कारण सापडल्यासारखं वाटतं आणि शोध तिथेच थांबतो. सहा आठवडे पावडर, मग पुन्हा तपासणी. आकडा सुधारतो, पोर पडतच असतं.

हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा मोठा मुलगा या वाटेने गेलाय. ती दुसऱ्या जिल्ह्यात राहते, तिथल्या फायली मी नंतर एकत्र लावल्या. दवाखान्यांची, डॉक्टरांची नावं इथे लिहिणार नाही. कुणी वाईट वागलं नाही, उलट एका डॉक्टरांनी पैसे कमी आहेत म्हणून फी घेतली नव्हती. फाइलची पानं उलटताना मी टेक्निशियनच्या नजरेने बघत होते. एसजीपीटी प्रत्येक दोन-तीन महिन्यांनी आहे. कावीळ बीची तपासणी तर वेगवेगळ्या लॅबच्या लेटरहेडवर पुन्हा पुन्हा आहे, जणू एकदा निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टवर विश्वासच नव्हता. एका हाडांच्या डॉक्टरांनी सपाट पाय लिहून बुटात घालायला सोल दिलेत. पाच वर्षांची ती फाइल, आणि तिच्यात शेवटच्या पानापर्यंत सीपीके नाही.

शेवटी ती झाली एका शहरातल्या रुग्णालयात, तीही उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडून नाही. बायॉप्सीसाठी भरती करून घेणाऱ्या एका तरुण निवासी डॉक्टरने पोराला कॉटवरून खाली उतरताना पाहिलं आणि चिठ्ठीवर तीन अक्षरं वाढवली. लॅबवाल्यांनी काय केलं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. एवढं सीपीके आमच्या मशीनच्या आवाक्याबाहेर असतं. आकडा येतच नाही, रेंजच्या बाहेर असल्याचा इशारा येतो. सिरम सलाइनने दहापट पातळ करायचं, पुन्हा लावायचं, आलेल्या आकड्याला दहाने गुणायचं. कधीकधी त्यानेही भागत नाही. नॉर्मल साधारण दोनशेच्या आत. त्याचं 18 हजारांवर गेलेलं. इंजेक्शन घेतलं, फार दमला, विषाणूचा ताप आला, तर सीपीके थोडं वाढतं हे खरं, पण तान्ह्यापासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या पोराचा आकडा हजारांच्या घरात गेला आणि पुन्हा केल्यावरही तिथेच राहिला, तर दुसरं काय म्हणणार?

बायॉप्सी रद्द झाली. जनुकाची तपासणी झाली, काही एक्झॉन गायब निघाले. या आजारात दोन तृतीयांशांच्या आसपास मुलांत असे तुकडे गळालेले असतात, आणि ते शोधायला आता स्नायूचा तुकडा काढावा लागत नाही, रक्त पुरतं.

तोवर बहिणीच्या मांडीवर दुसरा मुलगा होता.

धाकट्याची तपासणी त्याच आठवड्यात झाली. निकाल मी सांगत बसत नाही, तुम्ही ओळखलं असेल. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता असते आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी. मोठ्याचं निदान अडीच-तीन वर्षांचा असताना झालं असतं, तर धाकट्याच्या वेळी निवड करायची संधी बहीण आणि दाजींना मिळाली असती. त्यांनी काय ठरवलं असतं हे मला माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्कही मला नाही. पण ठरवायचा हक्क त्यांचा होता. या एका आजारात एका पोराच्या निदानाला झालेला उशीर दुसऱ्या पोराच्या अंगावर येतो. वाढदिवस साजरे होत असतात, पुढची पाळी चुकते, आणि दवाखान्यात अजून ‘होईल हळूहळू’ चाललेलं असतं.

इथे आणखी एक गैरसमज निघतो, तोही सांगते. गर्भलिंगनिदानावर बंदी आहे, मग अशी तपासणी करता येत नाही, असं काही दवाखान्यांतही सांगितलं जातं. 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्याने ज्या कारणांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी दिली आहे, त्यांत लिंगसंलग्न आनुवंशिक आजार स्पष्ट लिहिलेले आहेत. नोंदणीकृत केंद्रात, नियम पाळून, अकराव्या आठवड्यानंतर वारेच्या पेशींवरून किंवा पुढे गर्भजलावरून कुटुंबातला तोच बदल बाळात आहे का ते बघता येतं. पण कुटुंबातला बदल आधी माहीत हवा. आणि तो माहीत व्हायला मोठ्या मुलाचं निदान आधी झालेलं हवं.

बहिणीनंतर आमच्या आईची तपासणी झाली आणि माझीही. माझा रिपोर्ट काय आला त्याचा या पत्राशी संबंध नाही. सांगायचं आहे ते वेगळंच. आमच्या आईला एक भाऊ होता. दहाव्या-अकराव्या वर्षी तो चालायचा थांबला आणि मिसरूड फुटायच्या वयात गेला. घरात सांगायचे, ‘अंगावरून वारं गेलं.’ फोटोही नाही त्याचा. बहिणीच्या मुलाच्या फाइलीत कितीतरी ठिकाणी कौटुंबिक इतिहास लिहिलेला आहे आणि सगळीकडे ‘काही विशेष नाही’. कारण प्रश्न विचारला गेला तो घराण्याचा, म्हणजे सासरचा. आजोबांना मधुमेह होता का, काकांना लिव्हरचा त्रास होता का. आईच्या माहेरचं कुणी विचारलंच नाही. एक्स गुणसूत्रावरचा आजार मात्र माहेराहूनच येतो. ‘तुमचा भाऊ, तुमच्या आईचा भाऊ, मावसभाऊ, कुणी लहानपणी पायाने अधू होऊन गेलं का?’ एवढं एक वाक्य आमच्या बाबतीत पुरलं असतं. सगळ्यांच्या बाबतीत पुरणार नाही, कारण साधारण एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो आणि आईच्या रक्तात तो सापडत नाही. म्हणून इतिहास कोरा असला तरी सीपीके लिहायचंच.

आता तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या मनात असलेला प्रश्न. काही डॉक्टरांनी तो मला थेट विचारलाय. निदान लवकर करून तरी काय, या आजारावर औषध कुठे आहे?

बरं करणारं औषध नाही, हे खरं. स्टेरॉइड आहे. प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट, दोन्ही आपल्या मेडिकलमध्ये मिळतात, परवडतात. योग्य वेळी सुरू केली तर मुलाचं चालणं काही वर्षं लांबतं, पाठीचा कणा वाकण्याचं प्रमाण घटतं, श्वासाची ताकद जास्त काळ टिकते. योग्य वेळ म्हणजे पोराची ताकद उतरणीला लागायच्या आधी, साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. स्टेरॉइड सुरू करण्याआधी जिवंत विषाणूंच्या लसी पूर्ण करून घ्यायच्या असतात. लसीकरणाचं कार्ड बघायलाही आधी निदान लागतं. हृदयाचंही तसंच. या मुलांत हृदयाचा स्नायू हळूहळू कमजोर होतो आणि बराच काळ तक्रार नसते, कारण पोर धावतच नाही तर दम लागणार कसा? म्हणून निदान झाल्यापासून दरवर्षी इको करायचा, आणि औषधं दहा वर्षांच्या आसपास, त्रास व्हायची वाट न बघता सुरू करायची. या मुलांचं आयुष्य गेल्या काही दशकांत वाढलं आहे ते अशाच साध्या गोष्टींनी आणि वेळेवर दिलेल्या श्वासाच्या मशीनने.

भुलेचा धोका तर कुणी बोलतच नाही. टॉन्सिल, हर्निया, टाचेची शीर, कसल्या ना कसल्या कारणाने ही मुलं ऑपरेशनच्या टेबलावर जातात. सक्सिनिलकोलीन हे भूल देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं की रक्तातलं पोटॅशियम एकदम चढून हृदय बंद पडू शकतं. या औषधाच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर लहान मुलांबद्दलचा इशारा चौकटीत छापलेला आहे, आणि त्याचं कारण म्हणून निदान न झालेला स्नायूंचा आजार, विशेषकरून ड्यूशेन, हाच दिलेला आहे. वासाने देण्याच्या भुलेच्या औषधांनीही स्नायू फुटू शकतात. भूलतज्ज्ञाला आधी कळलं तर तो दुसरी औषधं वापरतो. प्रश्न फक्त कळण्याचा आहे.

महागड्या उपचारांबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर टीव्हीने भरपूर बोलून झालंय. अमेरिकेत 2023 च्या जूनमध्ये डीएमडीवरच्या पहिल्या जनुकीय उपचाराला परवानगी मिळाली. किंमत 32 लाख डॉलर. 2025 मध्ये चालणं थांबलेल्या मुलांपैकी काहींचा तो घेतल्यावर लिव्हर निकामी होऊन मृत्यू झाला, तेव्हा तो सगळ्यांनी डोळे झाकून घ्यावा असाही नाही. पण एक तपशील लक्षात ठेवा. पहिली परवानगी होती फक्त चार ते पाच वर्षांच्या, चालत्या मुलांसाठी. त्या वयात माझ्या भाच्याला लिव्हरचं टॉनिक चालू होतं. उद्या याहून चांगलं, स्वस्त काही निघालं, इथल्या चाचण्यांत मुलं घेतली जाऊ लागली, तरी त्या दाराशी वयाची आणि चालण्याची अट असणारच.

सरकारी मदतीचा रस्ताही निदानातूनच जातो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात डीएमडीचा समावेश आहे, त्याखालची मदत 50 लाखांपर्यंत वाढवलेली आहे, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यासाठीच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. 50 लाखांत वरचा उपचार येत नाही हे उघड आहे. पण प्रमाणपत्र, शाळेत तळमजल्यावरचा वर्ग, परीक्षेत लेखनिक, यांपैकी काहीही ‘आळशी आहे’ या निदानावर मिळत नाही.

तुमच्या बाजूने बोलायचं तर आजार खरंच दुर्मिळ आहे. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एक. एखाद्या फॅमिली डॉक्टरला अख्ख्या कारकिर्दीत एकही दिसणार नाही, दिसलाच तर एखादा. शंभर पडणाऱ्या पोरांतली बहुतेक सगळी नुसती पडणारीच असतात, आणि ‘होईल हळूहळू’ हे त्यांच्या बाबतीत खरंही ठरतं. प्रत्येक गोष्टीला तपासणी लिहिली की लोक तुम्हाला कट-प्रॅक्टिसवाला म्हणणार, हेही मी लॅबमध्ये बसून रोज ऐकते. पण राज्याचा हिशेब मांडा. महाराष्ट्रात वर्षाला ढोबळमानाने नऊ लाख मुलगे जन्मतात असं धरलं आणि पाच हजारांमागे एक घेतला, तरी वर्षाला 180 होतात. ही मुलं कुणाच्या तरी दवाखान्यात बसलेली असतात, बहुतेक एकाहून जास्त दवाखान्यांत. आणि जी तपासणी शंभरातल्या नव्याण्णव जणांत नॉर्मल येते, तीही फुकट जात नाही. त्या नव्याण्णव आयांना ‘ड्यूशेन नाही’ हे खात्रीने सांगता येतं.

बाल स्वास्थ्य पथकांना वेगळं सांगायचंय. तुमचा कार्यक्रम देशभर सुरू झाला तो 2013 च्या फेब्रुवारीत, आपल्याच पालघरमधून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तुम्ही जाता. एवढी मुलं रांगेने बघणारं दुसरं कुणी या राज्यात नाही, आणि तुम्ही जिथे बघता तिथे खाली सतरंजी असते. ‘हालचालींच्या विकासातला उशीर’ तुमच्या यादीत आहेच. तीन वर्षांपुढच्या प्रत्येक मुलग्याला खाली बसवून उठायला लावणं आणि जो हातांचा आधार घेऊन उठेल त्याचं नाव लिहून घेणं, एवढं त्यात घाला. आणि आरोग्य विभागाने अशा प्रत्येक नावामागे सीपीके मोफत करून द्यावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेऊन, जिल्हा रुग्णालयात जायला न लावता. जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हटलं की मजुरी बुडते, एसटीचं भाडं पडतं, आणि पोर तर वरवर धडधाकट दिसतंय. मग आई-बाप जात नाहीत, आणि फॉर्मवर ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो.

वेल्समध्ये 1990 ते 2011 या काळात नवजात मुलग्यांच्या टाचेच्या रक्तावर याच एन्झाइमची चाचणी करत होते. आपण तिथपर्यंत कधी जाऊ माहीत नाही, आणि मी आज ते मागतही नाही. मी चालत्या, पडत्या, आईने स्वतःहून तक्रार सांगितलेल्या मुलाचं मागते आहे.

लॅबवाल्या माझ्या भावाबहिणींनाही एक सांगणं. लहान मुलाच्या रिपोर्टवर एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं आणि बिलिरुबिन नॉर्मल दिसलं, तर निदान सांगायला जाऊ नका, ते आपलं काम नाही. पण पॅथॉलॉजिस्टना दाखवा. रिपोर्टखाली ‘सीपीकेशी ताडून पाहावे’ अशी एक ओळ टाकायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आमच्या मॅडमनी ती ओळ आता सॉफ्टवेअरमध्येच भरून ठेवली आहे. सुरुवातीला एक-दोन डॉक्टरांचे रागाचे फोन आले. एकांनी नंतर स्वतःहून सँपल पाठवलं, ते नॉर्मल निघालं, आणि रिपोर्ट मिळाल्यावर त्यांनी ‘बरं झालं’ म्हणून पुन्हा फोन केला.

साधा लाल बुचाचा बल्ब, म्हणजे रक्त घ्यायची नळी, आणि दोन मिली रक्त. उपाशी नको. आदल्या दिवशी दंडात इंजेक्शन झालं असेल तर चिठ्ठीवर तेवढं लिहा. रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. आकडा रेंजबाहेर गेला तर पातळ करून पुन्हा लावण्यात तासभर जास्त जाईल, तेवढं पालकांना थांबायला सांगा, आणि शक्य असेल तर त्या वेळी तुम्हीही दवाखान्यात थांबा.

आपली विश्वासू,
एक लॅब टेक्निशियन